निवृत्तीचा पैसा आणि आयकर : प्रस्तावना

सोलापूरला महिन्याच्या पगारावर चालणारे घर नवे नाही. १८७७ साली जुनी मिल उभी राहिली, मागोमाग आणखी गिरण्या आल्या. रेल्वे, पालिका, शाळा, बँका यांत पिढ्यान्‌पिढ्या नोकऱ्या झाल्या. फंड, ग्रॅच्युइटी, पेन्शन हे शब्द इथे पारावरच्या गप्पांतही सहज येतात. त्या पैशावर कर का आणि कसा लागतो, हे मात्र कर सल्लागाराच्या टेबलावरच राहिले. ते वाचकांच्या हाती यावे, हा या पानांचा हेतू.

विषय रूक्ष वाटेल. पण त्याच्या मुळाशी एक मोठा प्रश्न आहे. निवृत्तीनंतर मिळते ती कृपा की कमाई? १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेपोटीचा हक्क असल्याचा निर्वाळा दिला. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड त्या पीठावर होते. आयकराची रीतही या विचाराशी जुळते. दरमहाची पेन्शन कायदा पगारच मानतो, म्हणून नोकरदाराची प्रमाणित वजावट पेन्शनरालाही मिळते. त्याच्या पश्चात पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन मात्र ‘इतर उत्पन्न’ ठरते, कारण नोकरी तिची नव्हती. तिची वजावट वेगळी : एक तृतीयांश, आणि नव्या करप्रणालीत कमाल २५ हजार रुपये.

एकरकमी पैशाच्या बाबतीत कायद्याचा हात सैल आहे. एका घरातले दोन भाऊ घ्या, एक रेल्वेत, दुसरा खासगी सूतगिरणीत. रेल्वेतल्याची ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे आणि पेन्शन विकून आलेली रक्कम, तिन्ही पूर्ण करमुक्त. गिरणीतल्याला मर्यादा आहेत : ग्रॅच्युइटीला २० लाख, रजेच्या पैशाला २५ लाख. समजा, त्याचा शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६ हजार, नोकरी ३० वर्षे. महिना २६ दिवसांचा धरला की १५ दिवसांचे १५ हजार होतात. त्याला ३० ने गुणले की साडेचार लाख. त्यावर कर नाही. हे गणित एकदा स्वतः मांडून पाहा. निम्मी धास्ती तिथेच जाते.

सवलतींचे गणित मात्र एकदा मांडून भागत नाही; त्या येतात, जातात, बदलतात. २००५ च्या अर्थसंकल्पाने काढलेली प्रमाणित वजावट २०१८ साली ४० हजारांवर परतली. नव्या प्रणालीत आता ती ७५ हजार आहे. २०१८ सालीच ज्येष्ठांना ठेवींच्या व्याजावर ५० हजारांपर्यंत वजावट मिळाली, पण ती जुन्या प्रणालीतच चालते. त्यात १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा आयकर कायदा. म्हणजे कलमांचे क्रमांकही नवे.

म्हणून वाचकांनी आकडे पाठ करण्याच्या भरीस पडू नये. प्रत्येक रकमेला तीन प्रश्न विचारावेत : ती कोणाला मिळते, कोणाकडून मिळते, आणि एकरकमी की दरमहा? वाचायला बसताना पेन्शन पेमेंट ऑर्डर आणि बँकेचे पासबुक जवळ असू द्या. दोन्ही प्रणालींत आपला कर मांडा आणि मगच सल्लागाराकडे जा. तिन्ही उत्तरे पक्की असली, की त्या वर्षीचा आकडा तेवढा त्याला विचारायचा उरतो.