नाममुद्रा आणि प्रतिलिप्यधिकार

गोरेगाव ज्या हिंगोली जिल्ह्यात आहे, त्यातीलच नरसी हे परंपरेने संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मस्थान मानले जाते. अभंगाअखेरची ‘नामा’ ही मुद्रा कर्तृत्व सांगते, मालकी नव्हे. नक्कल करणे तेव्हा पुण्यकर्मच होते! मात्र त्यामुळे उत्तरकालीन विष्णुदास नाम्याची रचना नामदेवांच्या गाथ्यांत मिसळली, आणि ती वेगळी करण्यात संशोधकांच्या पिढ्या खर्ची पडल्या.

१९५७ च्या प्रतिलिप्यधिकार अधिनियमाचा मुख्य विषय मालकी हा होय. संगणकीय प्रतींमुळे २०१२ साली त्यात कलम ‘६५ ख’ आले व प्रतीस जोडलेली कर्त्याच्या नावासारखी हक्कदर्शक माहिती अनधिकाराने, हेतुपुरस्सर पुसणे हा अपराध ठरला. मुद्रेस एवढे जवळचे कलम दुसरे क्वचितच असेल. तथापि जेथे हक्कच उरलेला नाही, तेथे ते निरुपयोगी होय. मुद्रा गाळून नामदेवांचा अभंग कोणी प्रसृत केल्यास दाद मागावी कोणी?