जॉर्ज इनची उरलेली बाजू

लंडन ब्रिज स्टेशनातून बाहेर पडून बरो हाय स्ट्रीटने दक्षिणेकडे चालू लागलं की डाव्या हाताला एक बोळ येतो. आत शिरलं की मोठं अंगण आणि त्याच्या एका बाजूला लाकडी सज्जांची, थोडी कललेली जुनी इमारत. हे 'जॉर्ज इन'. ते अंगण पाहून मला आठवली ती आपल्या देवळांची अग्रशाळा. मध्ये प्रांगण, भोवती खोल्या, खोल्यांपुढे लांब ओसरी.

हे साम्य अगदीच वरवरचं नाही. इन म्हणजे मुक्कामाची जागा. खाली घोडे बांधायचे, वर माणसांनी झोपायचं. खाणंपिणं ओघाने आलंच. १७५० साली वेस्टमिन्स्टरचा पूल झाला, तोवर लंडन शहरात दक्षिणेकडून शिरायला लंडन ब्रिज हा एकच पूल होता. रात्री त्याच्या वेशी बंद होत. उशिरा पोचलेला वाटसरू अलीकडेच, सदर्कमध्ये, थांबायचा. म्हणून या एका रस्त्यावर इन्सची रांगच लागली. जॉन स्टो याने १५९८ साली लंडनचं वर्णन लिहिलं, त्यात या रांगेत जॉर्जचंही नाव आहे. शेजारीच होतं 'टॅबर्ड', जिथून चॉसरचे यात्रेकरू कँटरबरीला निघाले.

सोळाव्या शतकात लंडनच्या काही इन्समध्ये नाटकंही होत. अंगणात मंच, मंचासमोर उभे प्रेक्षक, सज्जात बसलेले पैसेवाले. जत्रेत देवळासमोर रात्रभर नाटक पाहिलेल्या गोंयकाराला ही मांडणी वेगळी समजावून सांगायला नको. मात्र 'शेक्सपिअर इथे बसून प्यायचा' असं कोणी सांगितलं तर जरा सावध राहावं. १६७६ च्या मे महिन्यात सदर्कला मोठी आग लागली, त्यात जुनं जॉर्ज जळालं. आज दिसते ती इमारत त्यानंतरची. शेक्सपिअर वारला १६१६ साली.

आतल्या बारमध्ये एक मोठं भिंतीवरचं घड्याळ आहे. अशा घड्याळांना 'पार्लमेंटच्या कायद्याचं घड्याळ' म्हणतात. १७९७ साली पंतप्रधान पिटने घड्याळांवर कर बसवला. लोकांनी घरातली घड्याळं कमी केली आणि वेळ बघायला ते इनमध्ये येऊ लागले, अशी त्यामागची कथा. पुढच्याच वर्षी कर रद्द झाला, नाव मात्र चिकटलं. घोडागाड्या ठरल्या वेळी सुटायच्या, त्यामुळे इनला घड्याळ हवंच होतं.

मग रेल्वे आली. लंडन ब्रिज स्टेशन १८३६ सालचं. घोडागाड्यांचा धंदा बसला आणि इन्सची मोठमोठी अंगणं ओस पडली. १८७४ मध्ये जॉर्ज ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने विकत घेतलं आणि तिथे मालाचं ठाणं केलं. १८८९ मध्ये कंपनीने मधली आणि उत्तरेकडची बाजू पाडली. उरली ती फक्त दक्षिणेकडची.

तरी जॉर्ज नशीबवानच. टॅबर्ड १८७३ मध्येच पडलं होतं. चॉसरच्या नावाने ते वाचलं नाही. पलीकडचं 'व्हाइट हार्ट', जिथे डिकन्सच्या पिकविकला सॅम वेलर भेटतो, तेही १८८९ मध्येच गेलं. नावलौकिकात जॉर्ज या दोघांच्या पाठचं. पण त्याच्या उरलेल्या बाजूत गिऱ्हाईक येत राहिलं, दिवा लागत राहिला. १९३७ साली, पाडणाऱ्या कंपनीचीच वारस असलेल्या लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने ते नॅशनल ट्रस्टला दिलं. सज्जे असलेलं घोडागाड्यांच्या काळातलं इन लंडनमध्ये आता हे एकच. आजही ते पब म्हणूनच चालतं.

मला यातून एवढंच कळलं, की थोर माणसांची नावं वास्तू वाचवत नाहीत. रोजच्या वापरातली वास्तू तग धरते, आणि तेवढ्यात कोणाला तरी शहाणपण सुचावं लागतं. सदर्कमध्ये ते सुचेपर्यंत दोन बाजू गेल्या होत्या. आपल्याकडे जुनी अग्रशाळा पाडून तिथे स्लॅबची बांधायचा ठराव मांडला जातो, किंवा कोपऱ्यावरचं जुनं तावेर्न विकायला निघतं, तेव्हा मला त्या अंगणाची रिकामी उत्तर बाजू आठवते. तिथे आता पर्यटकांसाठी बाकडी मांडलेली असतात. त्यांवर बसून सगळे समोरच्या उरलेल्या बाजूचे फोटो काढतात.