कॅन्सरची तपासणी आणि घरच्यांचा सल्ला

काहीही त्रास नसताना केलेल्या तपासणीला स्क्रीनिंग म्हणतात. सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांपुढील व्यक्तींसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख अशा तीन कॅन्सरची तपासणी असते. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ३० ते ४९ वयाच्या केवळ १.९ टक्के महिलांनी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी करून घेतलेली आढळली.

भोसरी किंवा चाकणमध्ये भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या तुमच्यासारख्या अनेकींचा निर्णय गावाकडे केलेल्या फोनवर ठरतो. सासूबाई म्हणतात, "दुखत-खुपत नाही ना? मग कशाला?" प्रश्न शहाणपणाचा वाटतो, पण कॅन्सरपूर्वीचे बदल दुखतच नाहीत. म्हणून तर तेव्हा तपासायचे.

दुसरी भीती नात्यातल्या अनुभवाची असते: "आत्याचा कॅन्सर सापडला आणि सहा महिन्यांत ती गेली." बहुतेकदा अशा वेळी आजार उशिरा सापडलेला असतो; दोष तपासणीवर येतो. मात्र आई, बहीण किंवा मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

सासूबाईंना पटवायचे असेल तर मराठवाड्यातलाच दाखला द्या. तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार महिलांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, एकदाच एचपीव्ही चाचणी दिलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे निम्म्याने कमी झाले. जगभर दाखला दिला जाणारा हा अभ्यास आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही!

पुरुषांत घरच्यांपेक्षा शिफ्टमधल्या मित्रांचे जास्त चालते. तंबाखूची पुडी जो पुढे करतो, त्याच्याबरोबरच तोंड तपासायला जा. बॅटरीच्या उजेडात काही मिनिटांत काम होते.

नवऱ्याने नुसती परवानगी देऊन भागत नाही. त्या दिवशी मुलांना सांभाळावे. जबरदस्ती मात्र नको, संमती तिचीच हवी. अहवालात दोष आला तरी तो लगेच कॅन्सर ठरत नाही, पुढची तपासणी लागते.

पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, चाकणचे ग्रामीण रुग्णालय किंवा जवळचे आयुष्मान आरोग्य मंदिर येथे चौकशी करा. तपासणीचा वार आशाताईंना विचारा. तोंडातली जखम दोन-तीन आठवडे भरत नसेल, स्तनात गाठ लागत असेल किंवा संबंधांनंतर रक्त जात असेल, तर शिबिराची वाट न पाहता थेट डॉक्टरांकडे जा.