दर ठरवणारा माणूस

साठच्या दशकात आमचे अण्णाकाका साखरेचं तंत्रज्ञान शिकायला अमेरिकेला गेले. सांगलीकडच्या उसातून निघाले आणि लुइझियानाच्या उसात जाऊन पोचले. विद्यापीठ बॅटन रूजमध्ये, आणि खोली एका साठीच्या विधवा बाईंच्या घरात. काका परतले ते साखरेपेक्षा जास्त त्या बाईंच्या गोष्टी घेऊन. आमच्या घरी विजेचं बिल आलं की ते हमखास म्हणत, "ह्युई लाँग असता तर!" मला हे कुणी लांबचे नातेवाईक असावेत असं बरीच वर्षं वाटत होतं.

ह्युई लाँग 1893 साली लुइझियानाच्या उत्तर भागातल्या विनफील्डमध्ये जन्मला. फिरता विक्रेता म्हणून दारोदार स्वयंपाकाचं तूप-तेल विकलं, कायद्याचा अभ्यास जेमतेम वर्षभर केला आणि एकविसाव्या वर्षी वकील झाला. राजकारणात शिरायचं होतं, पण बहुतेक पदांना वयाची अट. एका पदाला ती नव्हती, ते म्हणजे राज्याच्या रेल्वे कमिशनचं सदस्यत्व. रेल्वे, तार, टेलिफोन, तेलवाहिन्या यांचे दर आणि नियम हे कमिशन ठरवायचं. सदस्य तीनच, पण ते मतपेटीतून निवडून यायचे. ही जागा कुणालाही फारशी मोठी वाटत नसे. 1918 साली पंचविशीचा लाँग त्या जागेला उभा राहिला. खेड्यातल्या मतदारापुढे मोटार घेऊन आणि झकपक कपडे घालून जाऊ नकोस, असं शहाण्यांनी बजावलं होतं. हा दोन्ही करून गेला आणि थोडक्या मतांनी जिंकला.

1921 च्या नव्या राज्यघटनेत रेल्वे कमिशनचं नाव पब्लिक सर्व्हिस कमिशन झालं, आणि पुढच्या वर्षी लाँग त्याचा अध्यक्ष. टेलिफोन कंपनीने दर वीस टक्क्यांच्या आसपास वाढवले होते. लाँगने ते प्रकरण पुन्हा उकरून काढलं, थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं आणि तिथे स्वतः बाजू मांडली. कंपनीला जादा घेतलेले पैसे परत द्यावे लागले. सुमारे ऐंशी हजार ग्राहकांना मिळून चार लाख चाळीस हजार डॉलर.

म्हणजे घरटी साडेपाच डॉलर. काकांच्या घरमालकीणबाई तेव्हा शाळकरी मुलगी. वडिलांनी तो चेक आठवडाभर वटवलाच नाही, जो येईल त्याला दाखवत बसले, असं त्या सांगायच्या. कंपनी पैसे घेते हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण परतही देते हे त्या मुलखाने पहिल्यांदाच पाहिलं. माझ्या मते लाँगचं पुढचं सगळं राजकारण या चेकातून निघालं. भाषणातलं वचन आणि घरात येणारं बिल यांत मतदार कशावर विश्वास ठेवतो, हे त्याला कमिशनच्या खुर्चीत कळलं.

दुसरा शत्रू त्याहून मोठा होता, स्टँडर्ड ऑइल. श्रीव्हपोर्टजवळच्या पाइन आयलंड क्षेत्रातल्या लहान उत्पादकांचं तेल आपल्या वाहिनीतून न्यायला या कंपनीने नकार दिला. त्या लहान कंपन्यांत लाँगचेही शेअर होते, ते मातीमोल झाले. तेलवाहिन्या सार्वजनिक सेवा ठरवाव्यात म्हणून कमिशनवर तो तावातावाने लढला. त्यात जनहित किती आणि स्वतःचा जळफळाट किती, याचा हिशेब काकाही लावू शकले नाहीत.

1924 ला तो गव्हर्नरपदाला उभा राहिला आणि तिसरा आला. मतदानादिवशी पाऊस पडला, चिखलामुळे खेड्यातला त्याचा मतदार केंद्रावर पोचलाच नाही, असं त्याचे लोक म्हणत. 1928 ला मात्र तो जिंकला. तेव्हा अख्ख्या राज्यात पक्का रस्ता साडेतीनशे मैलही नव्हता. त्याने रस्ते बांधायचा सपाटा लावला, पूल उभारले, शाळकरी पोरांना पुस्तकं फुकट दिली. 1929 मध्ये तेलाच्या पिंपामागे पाच सेंट कर लावायला निघाला, तेव्हा विधिमंडळ त्याच्यावर महाभियोग घेऊन उठलं. पंधरा सिनेटरांनी काहीही झालं तरी आपण दोषी ठरवणार नाही असं आधीच लिहून दिलं आणि खटला बारगळला.

मग तो बदलला, किंवा जसा होता तसा दिसू लागला. सरकारी नोकरांच्या पगारातून त्याच्या राजकारणासाठी ठरावीक टक्के कापून घेतले जात. घरमालकीणबाईंचा भाऊ रस्ते खात्यात होता, त्याच्याही पगाराला ही कात्री लागली होती. चेक आणि कपात, दोन्ही गोष्टी बाई एकाच बैठकीत सांगायच्या, आणि मत कायम लाँगच्याच माणसांना. काकांनी कारण विचारलं तर म्हणायच्या, आधीचे कापायचे ते न सांगता कापायचे. मला हे उत्तर पटत नाही. पण ते खोडायलाही मी तिथे राहिलेलो नाही.

8 सप्टेंबर 1935 ला, स्वतःच बांधलेल्या चौतीस मजली कॅपिटॉलमध्ये त्याच्यावर गोळी झाडली गेली. दोन दिवसांनी तो गेला, वय 42. पुढे टी. हॅरी विल्यम्स या काकांच्याच विद्यापीठातल्या प्राध्यापकाने शेकडो म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या मुलाखती घेऊन लाँगचं चरित्र लिहिलं आणि त्याला पुलित्झर मिळालं. हे काम चालू होतं तेव्हा काका तिथेच शिकत होते. आपल्या बाईंकडे ते प्राध्यापक का आले नाहीत, याची खंत काकांना शेवटपर्यंत होती.

आपल्याकडे विजेचे दर ठरवायला 1999 पासून वीज नियामक आयोग आहे. निवृत्तीनंतर काका एकदा लेखी हरकत घेऊन जनसुनावणीला गेले. शांतपणे ऐकून घेतात, म्हणाले, मतं मागायची नसतात ना. ही तक्रार होती की शाबासकी, हे त्यांनी सांगितलं नाही. लुइझियानात मात्र कमिशनची खुर्ची आजही निवडणुकीतूनच भरते, आणि तिथून गव्हर्नरच्या खुर्चीकडे जाणारी वाट मोडलेली नाही. लाँगनंतर गायक जिमी डेव्हिस त्याच वाटेने गेला. काका तिथे शिकत असतानाचे गव्हर्नर मॅककीथनही याच कमिशनवरून आले होते.

2003 च्या नोव्हेंबरात बॉबी जिंदाल तिथे गव्हर्नरपदाची निवडणूक हरले. भारतीय वंशाचा माणूस थोडक्यात हुकला म्हणून आपले पेपर हळहळत होते. काकांनी बातमीतलं जिंकलेल्या बाईंचं नाव तेवढं शोधलं: कॅथलीन ब्लँको, पूर्वी पब्लिक सर्व्हिस कमिशनवर.

"चौथ्या," काका म्हणाले.