व्यवसायाच्या सर्व्हरसाठी हार्ड डिस्क कशी निवडावी?

परदेशात स्वतःचा व्यवसाय उभारलेल्या अनेक मराठी मंडळींचा सारा व्यवहार कार्यालयाच्या कोपऱ्यात ठेवलेल्या एका पेटीवर अवलंबून असतो. करसल्लागाराच्या पेढीतील विवरणपत्रे, दंतवैद्याकडील क्ष-किरण प्रतिमा, वास्तुरचनाकाराचे आराखडे हे सगळे तिथेच साठवलेले असते. क्लाउडचा वापर वाढला असला, तरी मोठ्या फायली आणि दरमहाचे भाडे यांचा विचार करून स्वतःचा सर्व्हर किंवा नॅस बाळगणारे आजही कमी नाहीत.

डिस्क विकत घेताना पहिली नजर जाते ती दर टेराबाइटमागे पडणाऱ्या किमतीकडे. मात्र प्रत्येक हार्ड डिस्क कधी ना कधी बंद पडते. म्हणून एक डिस्क बंद पडल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत आपल्या माहितीचे काय होईल, हा निवडीचा खरा निकष असायला हवा. पुढील सारे मुद्दे याच प्रश्नाच्या अनुषंगाने पाहावेत.

घरगुती आणि व्यावसायिक डिस्कमधील फरक

पहिला फरक वार्षिक कार्यभाराचा. घरगुती संगणकाची डिस्क वर्षाला साधारण ५५ टेराबाइट, छोट्या नॅससाठीची १८० टेराबाइट, तर डेटा सेंटर दर्जाची डिस्क ५५० टेराबाइट कार्यभार गृहीत धरून बनवलेली असते. या मोजणीत लेखनाबरोबर वाचनही धरले जाते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. साठ्यातील दोष शोधण्यासाठी स्टोरेज प्रणाली महिन्यातून एकदा सर्व माहिती वाचून तपासत असेल, तर पूर्ण भरलेल्या २० टेराबाइटच्या डिस्कवर एवढ्यानेच वर्षाला २४० टेराबाइटचा भार पडतो. नॅस दर्जाची मर्यादा कार्यालयीन काम सुरू होण्याआधीच ओलांडली जाते.

दुसरा फरक चूक दुरुस्त करण्याच्या पद्धतीचा. एखादा भाग वाचता आला नाही, तर घरगुती डिस्क बराच वेळ, कधी मिनिटभराहूनही अधिक, पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते. एकट्या डिस्कसाठी ही चिकाटी योग्यच आहे. परंतु अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या रेड प्रणालीतील कंट्रोलर उत्तर न मिळाल्यास डिस्क मृत समजून तिला बाहेर काढू शकतो. रेडसाठी बनवलेल्या डिस्क बहुधा ७ सेकंदांतच प्रयत्न सोडतात आणि दुरुस्तीचे काम प्रणालीवर सोपवतात.

तिसरा फरक कंपनांचा. एका पेटीत आठ-बारा डिस्क फिरत असताना त्यांची कंपने परस्परांच्या कामात व्यत्यय आणतात. व्यावसायिक डिस्कमध्ये ही कंपने ओळखून रीड-हेडची स्थिती सावरणारे सेन्सर असतात.

पुनर्बांधणीचा हिशेब

रेडची संकल्पना मांडणारा शोधनिबंध कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हाच्या डिस्कची क्षमता मेगाबाइटमध्ये मोजली जाई. आजची २० टेराबाइटची डिस्क सेकंदाला २५० मेगाबाइट या वेगाने सलग भरली, तरी २२ तास लागतात. कार्यालयाचे काम सुरूच असेल, तर पुनर्बांधणी काही दिवस चालते. या काळात उरलेल्या डिस्कवर सर्वाधिक ताण असतो आणि रेड ५ मध्ये दुसरी डिस्क गेली, तर सारा साठा जातो.

दुसरी डिस्क पूर्ण बंद पडलीच पाहिजे असेही नाही. अनेक स्वस्त डिस्कच्या माहितीपत्रकात १० चा १४वा घात इतक्या बिटमागे एक अवाचनीय चूक असा दर दिलेला असतो. टेराबाइटमध्ये तो साडेबारा टेराबाइट वाचनामागे एक चूक एवढा होतो. चार ८ टेराबाइट डिस्कच्या रेड ५ मध्ये एक डिस्क बदलताना २४ टेराबाइट वाचावे लागतात. प्रत्यक्षातील दर बहुधा याहून बरा असतो, पण व्यवसायाची माहिती अशा भरवशावर सोडू नये. व्यावसायिक डिस्कसाठी हा दर सामान्यतः दहापट चांगला, म्हणजे १२५ टेराबाइटमागे एक चूक असा असतो.

यावरून काढता येणारा व्यवहारी नियम असा: दोन डिस्कच्या पेटीत आरसा-प्रत ठेवावी, म्हणजेच रेड १ वापरावे. मोठ्या क्षमतेच्या चार किंवा अधिक डिस्क असतील, तर दोन डिस्कचे नुकसान सोसणारे रेड ६ निवडावे. डेटाबेसचे काम असल्यास रेड १० घ्यावे.

एसएमआरचा सापळा

डिस्कवरील पट्टे कौलांप्रमाणे एकमेकांवर किंचित चढवून अधिक माहिती बसवण्याच्या तंत्राला एसएमआर म्हणतात. त्यात एक पट्टा बदलायचा, तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. क्वचित लिहिल्या जाणाऱ्या संग्रहासाठी हे चालते, परंतु पुनर्बांधणीच्या अखंड लेखनात अशी डिस्क कमालीची मंदावते. २०२० च्या एप्रिलमध्ये वेस्टर्न डिजिटल कंपनीने आपल्या लाल लेबलाच्या नॅस मालिकेतील २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्कमध्ये हे तंत्र असल्याचे मान्य केले. तोपर्यंत अनेक ग्राहकांना याची कल्पना नव्हती. म्हणून केवळ मालिकेचे नाव पाहू नये. पूर्ण मॉडेल क्रमांकावरून डिस्क पारंपरिक सीएमआर तंत्राची असल्याची खात्री करावी.

हार्ड डिस्क की एसएसडी?

मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला हवा तो भाग हेडखाली येण्यासाठी सरासरी ४ मिलिसेकंद थांबावे लागते. हेड सरकण्याचा वेळ त्यात मिळवला, तर सेकंदाला शंभराच्या आसपासच विखुरलेल्या विनंत्या पूर्ण होतात. एसएसडी हजारो विनंत्या सहज हाताळते. त्यामुळे हिशेबाचे सॉफ्टवेअर, डेटाबेस आणि आभासी संगणक एसएसडीवर ठेवावेत, तर बॅकअप, चित्रफिती आणि जुना संग्रह हार्ड डिस्कवर.

व्यावसायिक एसएसडी घेताना दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली म्हणजे हमीच्या काळात रोज किती वेळा पूर्ण क्षमतेइतके लेखन चालेल. सर्वसाधारण कार्यालयास दिवसाला एक वेळा ही क्षमता बहुधा पुरते. दुसरी म्हणजे अचानक वीज गेल्यास हातातील लेखन पूर्ण करण्यापुरती ऊर्जा साठवणारे कपॅसिटर आहेत का. आखाती देशांतील वाचकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. लेखनक्षमता संपलेल्या व्यावसायिक एसएसडीने वीज नसताना ४० अंश सेल्सिअसला तीन महिने माहिती टिकवावी, एवढीच उद्योगमानकाची अपेक्षा आहे. जुनी एसएसडी कपाटात ठेवून तिला संग्रह समजणे धोक्याचे आहे.

माहितीपत्रक आणि वास्तव

बंद पडण्यामधील सरासरी काळ २५ लाख तास, असा आकडा माहितीपत्रकावर दिसतो. २५ लाख तास म्हणजे सुमारे २८५ वर्षे, पण एक डिस्क तेवढी टिकेल असा त्याचा अर्थ नाही. हजार डिस्कपैकी वर्षाला साडेतीन बंद पडतील, असे ते भाकीत आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या २००७ च्या अभ्यासात माहितीपत्रकांवरून वार्षिक प्रमाण जास्तीत जास्त ०.८८ टक्के निघत होते, तर प्रत्यक्षात २ ते ४ टक्के डिस्क बदलाव्या लागणे सर्रास आढळले. बॅकब्लेझ ही बॅकअप कंपनी आपल्याकडील डिस्कची मॉडेलनिहाय आकडेवारी नियमित प्रसिद्ध करते. खरेदीपूर्वी ती अवश्य पाहावी.

डिस्कच्या स्वतःच्या स्मार्ट नोंदींवरही विसंबू नये. गूगलच्या २००७ च्या अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी तापमान वगळता कोणत्याही नोंदीतून पूर्वसूचना दिली नव्हती.

खरेदीच्या वेळी

सर्व डिस्क एकाच खोक्यातून, एकाच उत्पादन-तुकडीच्या घेऊ नयेत, कारण एका तुकडीतील दोष एकाच वेळी उद्भवू शकतो. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये हेवलेट पॅकर्ड एंटरप्राइझने आपल्या काही एसएसडी फर्मवेअरमधील दोषामुळे बरोबर ३२,७६८ तासांनी निकामी होतील, असा इशारा दिला होता. एकाच दिवशी बसवलेल्या अशा सर्व डिस्क जवळपास एकाच वेळी गेल्या असत्या आणि तिथे रेडचा काहीच उपयोग झाला नसता. म्हणून फर्मवेअर अद्ययावत ठेवणे हाही देखभालीचाच भाग आहे.

अनोळखी विक्रेत्याची स्वस्ताई तपासून घ्यावी. २०२५ च्या आरंभी जर्मनीत सीगेटच्या वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचे उघड झाले. त्यांच्या स्मार्ट नोंदी पुसलेल्या होत्या, पण डिस्कमधील फार्म नावाच्या वेगळ्या नोंदीत हजारो तासांचा वापर सापडला. आपण त्या डिस्क विक्रेत्यांना पुरवल्या नव्हत्या, असे कंपनीने सांगितले. नवी डिस्क हाती येताच वापराचे तास आणि उत्पादकाच्या संकेतस्थळावरील हमी, दोन्ही पडताळावे.

ज्यांचे एक कार्यालय परदेशात आणि दुसरे पुण्या-मुंबईत आहे, त्यांनी इकडून डिस्क घेऊन जाण्यापूर्वी हमी तिकडे लागू होते का, हे विचारावे. हमी अनेकदा प्रदेशापुरतीच असते. हमीखाली परत पाठवलेल्या डिस्कबरोबर ग्राहकांची माहितीही जाते. त्यामुळे साठा सुरुवातीपासून कूटबद्ध करावा किंवा सदोष डिस्क स्वतःकडे ठेवू देणारा करार घ्यावा.

शेवटी, रेड हा बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाईल रेडच्या सर्व डिस्कवरून एकाच क्षणी जाते आणि खंडणीखोर सॉफ्टवेअरने कुलूपबंद केलेली माहिती सर्वत्र कुलूपबंदच राहते. माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतील एक कार्यालयाबाहेर, हा जुना नियम आजही लागू आहे. अंदाजपत्रकात डिस्कच्या किमतीबरोबर एक राखीव डिस्क आणि बॅकअपचा खर्च आधीच धरावा. तो परवडत नसेल, तर डिस्क कमी क्षमतेच्या घ्याव्यात, पण राखीव डिस्क आणि बॅकअप वगळू नयेत. वर्षातून किमान एकदा त्या बॅकअपमधून माहिती प्रत्यक्ष परत मिळवून पाहावी.