ओळीने लावलेली अक्षरे

१६७६ साली रॉबर्ट हूक यांनी लंडनमध्ये सूर्य पाहण्याच्या उपकरणांवर एक पुस्तिका छापली. तिच्या शेवटी त्यांनी चौदा रोमन अक्षरांचा एक निरर्थक पुंजका दिला होता: सी, ई, तीन आय, एन, ओ, तीन एस, दोन टी, यू, व्ही. दोन वर्षांनी त्याचे लॅटिन वाक्य त्यांनी स्वतःच उघड केले: ‘उट तेन्सिओ सिक विस’, म्हणजे जितका ताण, तितका जोर. स्प्रिंगचा हा नियम आज विज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हूकच्या नावाने पाठ असतो.

शोध लागला आहे, पण अजून पुरता पडताळलेला नाही. दुसऱ्या कुणी तो आधी जाहीर केला तर श्रेय जाईल. या पेचावर त्या शतकातल्या शास्त्रज्ञांनी अ‍ॅनाग्रामचा तोडगा काढला होता. वाक्यातली अक्षरे विस्कटून प्रसिद्ध करायची आणि वेळ आली की तीच जुळवून दाखवायची. गॅलिलिओंनी १६१० मध्ये शनीविषयी सदतीस अक्षरांचा असाच गुंता पाठवला. ‘सर्वांत उंचावरचा ग्रह तिहेरी दिसला’ असे त्यांना म्हणायचे होते. शनीची कडी त्यांच्या दुर्बिणीला दोन बाजूंच्या दोन गोळ्यांसारखी दिसली होती. केप्लर यांनी तो गुंता सोडवायला घेतला आणि त्यातून मंगळाला दोन चंद्र असल्याचे वाक्य काढले! मंगळाला दोन चंद्र आहेत हे खरेच, पण ते सापडले १८७७ मध्ये. १६१० च्याच अखेरीस शुक्राच्या कलांविषयी लिहिताना गॅलिलिओंनी विस्कटलेल्या अक्षरांचेही अर्थपूर्ण वाक्य बनवले, तेव्हा ओ आणि वाय ही दोन अक्षरे उरलीच. ती त्यांनी तशीच शेवटी जोडून दिली.

ह्यूजेन्स यांनी १६५६ मध्ये शनीच्या कड्याची बातमी दडवली, तेव्हा असले काही जुळवत न बसता त्यांनी अक्षरे सरळ वर्णक्रमाने लावली. हूक यांनीही तेच केले. मला या साध्या कृतीचे फार अप्रूप वाटते. वर्णक्रमाने लावली की अक्षरे आपला मूळ क्रम पूर्ण विसरतात, मात्र एकही अक्षर हरवत नाही. शिवाय तीच अक्षरे असलेले कोणतेही वाक्य घ्या, ओळ तीच मिळते.

या शेवटच्या गुणामुळेच, लपवण्यासाठी वापरलेली युक्ती पुढे शोधण्याच्या कामी आली. ‘कॉन्झर्वेशन’ आणि ‘कॉन्व्हर्सेशन’ या इंग्रजी शब्दांत तीच बारा अक्षरे आहेत. एस आणि व्ही यांनी फक्त जागा बदलल्या आहेत. ही जोडी नजरेलाही सापडते. पण लाखो शब्दांच्या कोशातून अशा सगळ्या जोड्या काढायच्या कशा? एकेका शब्दाची अक्षरे हरतऱ्हेने फिरवून पाहायची म्हटली, तर बावीस अक्षरी शब्दाच्या मांडण्या एकावर एकवीस शून्यांच्याही पुढे जातात. सेकंदाला एक अब्ज मांडण्या तपासणाऱ्या यंत्रालाही त्या एका शब्दासाठी पस्तीस हजार वर्षे लागतील.

जॉन बेंटली यांच्या ‘प्रोग्रामिंग पर्ल्स’ या १९८६ च्या पुस्तकाने यावरचा उपाय प्रोग्रामरांच्या पिढ्यांना शिकवला. प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णक्रमाने लावायची. ती त्या शब्दाची सही. मग सगळा कोश सह्यांच्या क्रमाने लावायचा. एकाच सहीचे शब्द आपोआप शेजारी येतात. कुठलाही शब्द फिरवून पाहावा लागत नाही. स्क्रॅबलचे कसलेले खेळाडू अशा सहीला ‘अल्फाग्राम’ म्हणतात आणि सातआठ अक्षरी शब्दांचे अल्फाग्राम घोकतात.

अशा शोधात इंग्रजीच्या तळातून सर्वांत लांब जे वर येते ते बहुधा वैद्यकातले किंवा रसायनशास्त्रातले असते. ‘कोलेसिस्टोड्युओडेनोस्टोमी’ आणि ‘ड्युओडेनोकोलेसिस्टोस्टोमी’ ही बावीस अक्षरी जोडी घ्या. पित्ताशय लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला जोडण्याची ही एकच शस्त्रक्रिया. शब्दाचे दोन तुकडे मागेपुढे केले एवढेच. लांबी डोळ्यांत भरते, पण या जोडीत मला मौज वाटत नाही, कारण अक्षरे हललीच नाहीत, ठोकळे हलले.

अमेरिकी प्रोग्रामर मार्क जेसन डॉमिनस यांनी २०१७ मध्ये नेमका हाच निकष आकड्यात मांडला: एका शब्दाचे कमीत कमी किती तुकडे केले तर ते जुळवून दुसरा शब्द होतो? शस्त्रक्रियेच्या जोडीला तीन तुकडे पुरतात. ‘कॉन्झर्वेशन’ची जोडी लांबीने तिच्या निम्म्याहून थोडीच जास्त, तरी तिला पाच लागतात. त्यांच्या यादीत अव्वल ठरली ती ‘सिनेमॅटोग्राफर’ आणि ‘मेगाकायरॉप्टेरन’ ही जोडी. पहिला चित्रपटाचा छायालेखक. दुसरा म्हणजे मोठ्या फलाहारी वटवाघळांच्या गटातला प्राणी. आपल्याकडे वडापिंपळावर दिवसा उलटी लटकलेली दिसतात, ती याच गटातली. दोन्ही शब्द पंधरा अक्षरी, दोन्हींची सही एकच, आणि एकातून दुसरा घडवायला चौदा तुकडे. पंधरातली दोनच अक्षरे एकमेकांना धरून राहतात, बाकीची तेरा सुटी होतात.