बदलते गाव आणि छायाचित्रांची नोंद

गाव बदलते तेव्हा त्या बदलाची सरकारी नोंद मुख्यतः जमिनीची होते. सर्व्हे नंबर, नकाशा, उतारा, भूसंपादनाची नोटीस हे कागद वर्षानुवर्षे जपले जातात. त्या जमिनीवर कोण राबत होते, खळे कुठे होते, घराचा सोपा कसा होता, हे मात्र कोणत्याही दप्तरात सापडत नाही. ही माहिती छायाचित्रांतून जतन करण्याच्या कामाला दस्तऐवजी छायाचित्रण म्हणतात. फोटो सुंदर असला तर चांगलेच. पण तो कोणाचा, कुठला आणि कधीचा हे कळणे त्याहून महत्त्वाचे.

जगातील दोन उदाहरणे

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पॅरिस शहरात जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढण्यात आले. त्या वेळी शहर प्रशासनाने शार्ल मारव्हिल या छायाचित्रकारावर जुन्या गल्ल्यांचे फोटो काढण्याचे काम सोपवले. १८६० च्या दशकात त्याने जुन्या रस्त्यांचे ४०० हून अधिक फोटो काढले. त्यांतील अनेक गल्ल्या आज नाहीत. त्यांची ओळख या फोटोंमुळे राहिली आहे.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे. मंदीच्या काळात, १९३६ साली, डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियातील एका शेतमजूर आईचा मुलांसह फोटो काढला. तो जगभर गाजला, पण लँग यांनी त्या बाईंचे नाव लिहून घेतले नव्हते. त्या फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन होत्या, हे सर्वांना कळायला १९७८ साल उजाडले. चेहरा साऱ्या जगाला माहीत आणि नाव ४२ वर्षे कोणालाच नाही, अशी ही गोष्ट. फोटोखाली एक ओळ लिहिली असती तर ती टळली असती.

निपाणीच्या वखारी

आपल्या भागातील महत्त्वाचे उदाहरण निपाणीचे आहे. विडीच्या तंबाखूसाठी निपाणी प्रसिद्ध. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले. त्याच सुमारास वखारींत काम करणाऱ्या स्त्रियाही संघटित होत होत्या. 'युगांतर' या गटाने त्यांच्यावर 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. दीपा धनराज, आभा भय्या, मीरा राव आणि नवरोझ काँट्रॅक्टर यांचा हा गट. माहितीपट १९८२ चा.

हा फोटोंचा संग्रह नसून चित्रपट आहे, तरीही कामाची पद्धत शिकण्यासारखी आहे. ही मंडळी सुमारे चार महिने कामगार स्त्रियांमध्ये राहिली, त्यांचे म्हणणे ऐकले आणि मग चित्रण केले. म्हणूनच बाहेरच्या माणसाला न दिसणारी वखारीच्या आतली परिस्थिती पडद्यावर आली. अलीकडे या चित्रपटाचे डिजिटल जतन झाले आहे. निपाणीतील ज्या घरांतल्या आई-आजी वखारीत जात, त्यांच्यासाठी तो घरचाच इतिहास आहे.

आजचे काम

मुंबईच्या सफाई कामगारांचे जीवन सुधारक ओलवे यांनी कृष्णधवल छायाचित्रांतून अनेक वर्षे मांडले. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या 'पारी' या संकेतस्थळावर ग्रामीण भारतातील माणसांची आणि त्यांच्या कामांची सचित्र नोंद होते. तेथील बरेच लेख मराठीतही आहेत. कोल्हापूर भागातील पत्रकार संकेत जैन यांनी रेंदाळच्या हातमागांसारख्या मागे पडत चाललेल्या कारागिरीवर तेथे लिहिले आहे. यात माणसाचे नाव, गाव आणि काम फोटोसोबतच दिलेले असते.

आपला परिसर

अनगोळ हे मूळचे शेतकऱ्यांचे गाव. आज ते बेळगाव महानगरपालिकेत आहे आणि शेजारी उद्यमबागची औद्योगिक वसाहत आहे. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत बेळगावची निवड झाली आणि रस्त्यांची कामे सुरू झाली. हलगा–मच्छे बायपाससाठी सुपीक शिवारातील जमीन जाणार म्हणून शेतकरी कोर्टात गेले. बेळगावची बासमती पिकवणारी शिवारे घरांखाली जात आहेत. शहापूर, वडगाव, खासबाग भागात हातमागांची जागा यंत्रमागांनी घेतली.

रस्ते आणि कारखाने नकोत, असे म्हणण्याचा हेतू नाही. त्यातून अनेक घरांना रोजगार मिळाला. पण भाताची रोप लावण, बैलजोडी, मळणी, कौलारू घरांची रांग, मागावर बसलेला विणकर यांची नोंद आपण केली नाही तर बाहेरून येऊन ती कोणी करील, याचा भरवसा नाही.

सुरुवात घरच्या अल्बमपासून

यासाठी मोठा कॅमेरा लागत नाही. लग्न, बारसे, गणपती यांच्या जुन्या फोटोंत माणसांच्या मागे काय दिसते ते पाहावे. मांडवामागची विहीर, कच्चा रस्ता, शेजारचे शेत, दुकानाची पाटी हे नकळत टिपले गेलेले असते. सभासदांनी पुढील गोष्टी पाळाव्यात:

१. फोटोत कोण, कुठे, कोणत्या साली आणि फोटो कोणी काढला, हे लिहावे. साल नक्की नसेल तर 'अंदाजे' असा शब्द घालावा. तारखेशिवाय व्हाऊचर आणि नावाशिवाय फोटो, दोन्ही पुढे कोणाच्या उपयोगाचे नाहीत.

२. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

३. जुन्या फोटोला लॅमिनेशन करू नये. निगेटिव्ह असल्यास फेकू नये.

४. स्कॅन किमान ६०० डीपीआयवर करावे. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवल्यास त्याचा दर्जा कमी होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

५. नवीन फोटो काढताना एकच जागा दरवर्षी त्याच ठिकाणी उभे राहून टिपावी. दहा वर्षांनी तीच मालिका बोलू लागते.

६. माणसाला विचारून फोटो काढावा आणि एक प्रत त्याला द्यावी. नको म्हटल्यास आग्रह धरू नये.

७. मूळ फोटो घरीच ठेवावा. प्रती दोन वेगवेगळ्या ठिकाणी असाव्यात.

या यादीत पहिले काम सर्वांत तातडीचे आहे. स्कॅनिंग पुढच्या वर्षीही होईल. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या फोटोतील चेहरे ओळखणारी मंडळी आज सत्तरी-ऐंशीत आहेत. येत्या सुट्टीत मुला-नातवंडांनी अल्बम घेऊन आजी-आजोबांजवळ बसावे, ते सांगतील ती नावे लिहून घ्यावीत आणि त्यांचा आवाज फोनवर रेकॉर्डही करावा.